छपराची तक्तपोशी : खिळ्यांची निवड आणि अंतर

(गोव्यात ग्रामीण घरबांधणीविषयी भरलेल्या शिबिरात पंचायत सदस्य, शिक्षक, बांधकाम कर्मचारी व सुतार कारागीर यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी जो विषय मला नेमून देण्यात आला तो ऐकून आपल्यापैकी काहींना मौज वाटली असेल. पाया, भिंती, चौकटी, कौले यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. परंतु खिळ्यासारख्या क्षुल्लक वस्तूवर सभा भरवावी असे त्यात काय आहे? तथापि वादळानंतर उडालेले छप्पर ज्यांनी जवळून पाहिले असेल त्यांना एक गोष्ट आठवेल. फळी बहुधा अखंड असते. वासेही बहुतेक जागच्या जागी असतात. सुटलेली असते ती या दोघांमधील गाठ. वाशावर खिळ्यांची भोके तशीच राहिलेली दिसतात, किंवा खिळे वाशात आणि फळी शेजारच्या कुळागरात, असा प्रकार आढळतो. छप्पर मोडत नाही, ते सुटते. म्हणून ते ज्याने धरून ठेवले जाते त्या वस्तूचा विचार करणे भाग आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की प्लायवूडची तक्तपोशी ही आपल्या पारंपरिक घराची रीत नव्हे. आपले जुने घर म्हणजे वासे, त्यांवर रिपा आणि रिपांवर मंगळुरी कौले. अलीकडे मात्र डांबरी शिंगल्सचे छप्पर, पोटमाळ्याच्या खोल्या, शाळांचे रंगमंच, पर्यटकांसाठी बांधलेली घरे यांमध्ये वाशांवर प्लायवूड ठोकून त्यावर आच्छादन घालण्याची पद्धत येऊ लागली आहे. आपले सुतार कुशल आहेत, यात शंका नाही. परंतु कौलाच्या छपराची सवय हाताला असल्यामुळे ते प्लायवूडही रिपेप्रमाणेच ठोकतात : चार कोपऱ्यांत चार, मध्ये दोन-तीन, झाले. कौलाच्या छपराला हे चालून जात असे. तक्तपोशीला ते चालत नाही, आणि का चालत नाही हे समजून घेण्यासारखे आहे.

वारा छपराला दाबतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. उभ्या भिंतीच्या बाबतीत ती खरी आहे. छपराच्या बाबतीत, विशेषतः उतार कमी असेल तर, प्रकार उलट होतो. वारा भिंतीवर आदळून वर चढतो, वळचणीच्या कडेशी छपरापासून अलग होतो आणि त्या जागी हवेचा दाब एकाएकी उतरतो. खाली घरातील हवेचा दाब मात्र कायम असतो. त्यामुळे छपराचा पृष्ठभाग वर ओढला जातो. ही ओढ सर्वत्र सारखी नसते. वळचण, आढे, भिंतीच्या त्रिकोणी माथ्यावरील कड आणि सर्वांत अधिक म्हणजे कोपरे, येथे ती मधल्या भागाच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होऊ शकते. त्यातच वाऱ्याच्या बाजूची खिडकी फुटली किंवा दार उघडले, तर आत शिरलेली हवा खालून ढकलू लागते. वरून ओढ आणि खालून रेटा, असे दोन्ही एकाच वेळी सुरू होते.

आता कौलाचे छप्पर आणि तक्तपोशी यांतील भेद पाहा. एका चौरस मीटरवर पंधरा-सोळा मंगळुरी कौले बसतात आणि प्रत्येक कौल दोन-अडीच किलोचे असते. म्हणजे चौरस मीटरला तीस ते चाळीस किलोचे ओझे छपराला खाली धरून ठेवते. शिवाय कौलांच्या सांध्यांतून हवा ये-जा करते, त्यामुळे वरचा आणि खालचा दाब काही अंशी जुळून येतो. कौले उडतात, नाही असे नाही, परंतु ती एकेक करून उडतात. उलटपक्षी बारा मिलिमीटर जाडीचे प्लायवूड चौरस मीटरला सात-आठ किलोच भरते, आणि त्यातून हवा जात नाही. जुने छप्पर श्वास घेत असे. नव्या छपराचे नाकतोंड बंद आहे, आणि अंगात वजनही नाही. पत्र्याच्या छपराची स्थितीही हीच. जे काम पूर्वी ओझे करीत असे ते आता खिळ्यांना करावयाचे आहे.

किती काम? भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात (१९८७ ची आवृत्ती, सुधारित २०१५) पणजीसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. मुंबई, वडोदरा आणि हैदराबादसाठी तो ४४ मीटर आहे. वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणले की चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. ३९ चा वर्ग १५२१, ०.६ ने गुणल्यास सुमारे ९१३ न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला अंदाजे ९३ किलो. प्रत्यक्ष संकल्पनेत इमारतीची उंची, भोवतालचा प्रदेश इत्यादी गुणक येतात. ते अभियंत्यावर सोपवू. कडेच्या पट्ट्यासाठी ही ओढ हिशेबाच्या सोयीकरिता दुप्पट धरू : चौरस मीटरला १८६ किलो. त्यापुढे प्लायवूडचे सात-आठ किलो वजन काय पुरणार?

हा सगळा भार खिळ्यांमध्ये वाटला जातो. वासे ६०० मिलिमीटर अंतरावर असतील आणि प्रत्येक वाशावर ३०० मिलिमीटर अंतराने खिळा असेल, तर एका खिळ्याच्या वाट्याला ०.१८ चौरस मीटर क्षेत्र येते, म्हणजे साडेतेहतीस किलोची ओढ. अंतर १५० केले तर पावणेसतरा किलो. १०० केले तर अकरा किलोच्या आसपास. शिक्षक मित्रांनी हे उदाहरण सातवी-आठवीच्या वर्गात अवश्य घालावे. क्षेत्रफळ, वर्ग आणि त्रैराशिक ही तिन्ही त्यात आहेत, आणि उत्तराचा मुलांच्या डोक्यावरील छपराशी संबंध आहे.

येथे एक गोष्ट बारकाईने ध्यानात घ्यावी. फळीच्या कडेवरील खिळ्यापेक्षा फळीच्या मधल्या वाशावरील खिळ्याला अधिक क्षेत्र सांभाळावे लागते. तरीही प्रचलित रीत मधल्या वाशांवर खिळे विरळ ठोकण्याची आहे. मधला एक खिळा उपटला की त्याचा भार शेजारच्या दोन खिळ्यांवर जातो, ते आधीच ताणलेले असतात. मग तेही सुटतात. सदऱ्याची शिवण उसवावी तशी ही फळी उसवत जाते. फळीचे मन मधूनच डळमळते, कडेने नव्हे, असे एक जुने सुतार सांगत असत.

ज्या देशात प्लायवूडच्या तक्तपोशीची घरे लाखांनी आहेत तेथे या गोष्टीचा अनुभव मोठी किंमत देऊन आला. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या दक्षिण भागात २४ ऑगस्ट १९९२ रोजी पहाटे अँड्र्यू नावाचे चक्रीवादळ धडकले. तेथील घरे लाकडी कैच्यांची, वर ४ फूट × ८ फूट आकाराची प्लायवूडची तक्तपोशी आणि त्यावर शिंगल्स किंवा कौले. वादळानंतरच्या पाहणीत असे आढळले की पुष्कळ घरांच्या भिंती उभ्या होत्या, परंतु तक्तपोशीच्या फळ्या गेल्या होत्या, आणि त्याही बहुधा प्रथम त्रिकोणी माथ्याच्या कडेवरील. एक फळी गेली की पाऊस सरळ घरात. छताचे तक्ते भिजून कोसळले, सामानसुमान नष्ट झाले. शिवाय त्या त्रिकोणी माथ्याला तक्तपोशीचाच आधार असल्यामुळे ती गेल्यावर भिंतीचा वरचा भागही पडला. कारणे शोधता आढळले ते असे : यंत्राने मारलेल्या तारेच्या पिना, ज्यांना तेथे स्टेपल्स म्हणतात, त्या वाशात न बसता बाजूने गेल्या होत्या, खिळे वाशाला चुकले होते, कित्येक फळ्यांत खिळ्यांची संख्याच अपुरी होती. तेथे नियम अगोदरही होते. काम भरभर उरकण्यात आले आणि वर आच्छादन पडल्यावर पाहणार कोण, अशी स्थिती होती. त्यानंतर तेथील नियम कडक झाले. संपूर्ण राज्यासाठी एकच बांधकाम संहिता २००२ पासून लागू झाली आणि पुढील आवृत्त्यांमध्ये तक्तपोशीसाठी वलयांचे खिळे आले. त्यांविषयी आता सांगतो.

खिळ्याची निवड करताना लांबी, जाडी, अंगाचा प्रकार आणि गंजरोधक लेप या चार गोष्टी पाहाव्या लागतात. डोके हीसुद्धा एक बाब आहेच. लहान डोक्याचा, चौकटीच्या पट्ट्यांना वापरतात तो खिळा छपरावर कधीही वापरू नये, कारण खिळा वाशात राहतो आणि फळी त्याच्या डोक्यावरून निघून जाते.

अमेरिकेत या कामासाठी जो खिळा प्रमाण मानला जातो तो अडीच इंच लांब आणि ३.३ मिलिमीटर जाड असतो. आपल्या बाजारात ‘अडीच इंची, दहा गेज’ म्हणून मागितल्यास जवळजवळ तोच मिळतो. बारा गेजचा खिळा दिसायला फारसा वेगळा नाही, परंतु त्याची जाडी २.६ मिलिमीटरच भरते. दुकानदार तो ‘चालेल’ म्हणून देईल, चालणार नाही. बारा मिलिमीटरच्या प्लायवूडमधून गेल्यावर अडीच इंची खिळ्याची सुमारे ५१ मिलिमीटर लांबी वाशात उरते. प्लायवूड १९ मिलिमीटरचे असेल तर ४४ च उरते. तेव्हा तीन इंची घ्यावा. खिळ्याची पकड त्याच्या वाशातील खोलीच्या प्रमाणात असते. खोली दुप्पट, तर पकड दुप्पट. फळी जाड केली आणि खिळा तोच ठेवला, तर पैसे अधिक गेले आणि पकड कमी झाली, असा विचित्र परिणाम होतो. आणि हे मी पुष्कळ ठिकाणी पाहतो. ‘एकोणीसचे प्लाय घातले आहे, चिंता नको,’ असे घरमालक अभिमानाने सांगतात. खिळा कोणता, हे विचारल्यावर मिस्त्रीला हाक मारतात.

लाकडाची घनताही महत्त्वाची आहे. पकड घनतेच्या प्रमाणातच नव्हे, तर त्याहून पुष्कळ वेगाने बदलते. घनता निम्मी झाली तर साध्या खिळ्याची पकड निम्मी होत नाही, पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येते. मतटी, किंदळ, सागवान अशा घट्ट लाकडाचे वासे असतील तर खिळा उत्तम धरतो. मात्र लाकूड फाटू नये म्हणून खिळ्याच्या जाडीच्या पाऊण हिश्श्याइतके, म्हणजे अडीच मिलिमीटरचे, भोक आधी पाडावे. खिळ्याला मेण किंवा साबण लावून तो आत घुसविण्याची युक्ती मात्र टाळावी. जो सहज आत जातो तो सहज बाहेरही येतो. माडाच्या लाकडाविषयी विशेष सावध असावे. त्याचा सालीलगतचा भाग अत्यंत कठीण आणि गाभा मऊ असतो. वासा कापताना गाभ्याचा भाग वर आला, तर त्यात खिळा केवळ उभा राहतो, धरत नाही. आणि वासे ओले असतील तर? ओल्या लाकडात ठोकलेला गुळगुळीत खिळा ठोकताना घट्ट वाटतो. लाकूड वाळून आकसले की पकड ढिली होते. घाई असली तरी वाळलेलेच वासे घ्यावेत.

वलयांचा खिळा म्हणजे ज्याच्या अंगावर बारीक कड्यांसारख्या रेषा कोरलेल्या असतात तो. लाकडाचे तंतू त्या खाचांत अडकतात. त्याच जाडीच्या गुळगुळीत खिळ्याच्या मानाने तो उपटण्यास सुमारे दुप्पट जोर लागतो आणि लाकूड सुकण्या-फुगण्याने त्याची पकड फारशी सुटत नाही. किमतीत फरक आहे. परंतु सगळ्या छपराला तो परवडत नसेल, तर निदान कडेच्या फळ्यांना वापरावा. ओढ कोठे अधिक हे माहीत असताना पैसा सर्वत्र सारखा पसरण्यात शहाणपण नाही.

स्क्रूचे काय, असा प्रश्न हमखास विचारला जातो. योग्य लाकडी स्क्रू खिळ्यापेक्षा उत्तम धरतो. परंतु जिप्समच्या छताला वापरतात तो काळा, बारीक स्क्रू छपरासाठी अयोग्य आहे. तो कडक पण ठिसूळ असतो. फळी हलू लागली की त्याचे डोके तुटते. शिवाय खाऱ्या हवेत तो फार लवकर गंजतो. वासे लाकडाचे नसून चौकोनी लोखंडी पाइपांचे असतील, जसे हल्ली बहुतेक ठिकाणी असतात, तर स्वतःच भोक पाडणारे स्क्रू वापरावेत आणि त्यांचे निदान तीन आटे पाइपाच्या आत बाहेर आलेले असावेत.

खाऱ्या हवेचा विषय निघालाच आहे तर लेपाविषयी दोन शब्द. बाजारातील चकचकीत पांढरे किंवा पिवळसर खिळे बहुधा विजेच्या प्रक्रियेने जस्त चढविलेले असतात. तो थर अतिशय पातळ असतो. समुद्रकाठच्या गावांत तो थोड्याच पावसाळ्यांत संपतो. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले, किंचित खरबरीत दिसणारे खिळे घ्यावेत. अगदी किनाऱ्यावर, जेथे खिडकीच्या काचेवर मिठाचा थर बसतो, तेथे स्टेनलेस पोलादाचे. तांबेयुक्त संरक्षक द्रव्य पाजलेल्या लाकडातही साधा खिळा टिकत नाही. प्लायवूड उकळत्या पाण्यात न सुटणाऱ्या चिकटीचे असावे : भारतीय मानक ७१० चे, निदान ३०३ मधील पाणीरोधक वर्गाचे. त्यावर अधिक बोलत नाही, कारण त्याची जाहिरात भरपूर होते. खिळ्याची होत नाही.

आता प्रत्यक्ष ठोकणी. फळीची लांब बाजू वाशांना आडवी यावी. वरच्या थराच्या शिरा त्याच दिशेने असतात आणि फळीचे बळ त्याच दिशेला असते. शेजारच्या ओळींतील सांधे एका रेषेत येऊ देऊ नयेत, विटांच्या बांधकामाप्रमाणे आलटून पालटून घ्यावेत. दोन फळ्यांमध्ये तीन मिलिमीटरची फट ठेवावी, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात फळ्या फुगून एकमेकींना ढकलतात आणि मध्ये उंचवटे येतात. त्या फटीसाठी दहा गेजचा खिळाच मध्ये धरला की माप आपोआप मिळते. खिळा फळीच्या कडेपासून दहा मिलिमीटर आत असावा. दोन फळ्या ज्या वाशावर मिळतात त्या वाशाची रुंदी यासाठी पुरेशी हवी. दीड इंचाहून अरुंद वासा असल्यास शेजारी पट्टी जोडून रुंद करावा.

अंतराचा सर्वमान्य जुना नियम होता : कडेवर १५० मिलिमीटर, मधल्या वाशांवर ३००. माझा आग्रह आहे की वादळाच्या किनारपट्टीवर हा नियम सोडून द्यावा. सर्व वाशांवर १५० आणि वळचण, आढे, त्रिकोणी माथा यांच्या कडेपासून सुमारे सव्वा मीटरच्या पट्ट्यात, म्हणजे एक फळीभर, १०० मिलिमीटर असे अंतर ठेवावे. मोठ्या किंवा उंच इमारतीला अर्थात अभियंत्याचा हिशेब हवा.

यामुळे खर्च किती वाढतो तो पाहा. आठ फुटी फळी दोन-दोन फुटांवरील पाच वाशांवर बसते. जुन्या नियमाने टोकाच्या दोन वाशांवर नऊ-नऊ आणि मधल्या तिन्हींवर पाच-पाच, एकूण ३३ खिळे लागतात. सर्वत्र १५० अंतर ठेवल्यास ४५ लागतात. फळीमागे बारा खिळे अधिक. साठ चौरस मीटरच्या छपराला अशा सुमारे वीस फळ्या लागतात. म्हणजे २४० खिळे. अडीच इंची दहा गेजचे खिळे किलोमध्ये सुमारे २३५ बसतात. मित्रहो, एका किलोहून किंचित अधिक खिळे आणि मिस्त्रीचा एखादा तास, एवढ्यावर मधल्या खिळ्यावरील भार निम्मा होतो. कडेच्या पट्ट्यात आणखी किलो-दोन किलो धरा. इतक्या स्वस्तात घराचा दुसरा कोणताही भाग दुप्पट मजबूत करून मिळत नाही.

ठोकताना वाशाला खिळा चुकू नये म्हणून प्रत्येक फळीवर गेरूची दोरी मारून वाशाची मध्यरेषा उमटवून घ्यावी. ‘नजरेने मारतो’ म्हणणारा मिस्त्री उत्तम असेल, पण फळीखालचा वासा त्याला दिसत नसतो. काम झाल्यावर खालून पाहावे. वाशाच्या बाजूने खिळ्याचे टोक चमकताना दिसले तर तो खिळा हिशेबात धरू नये; तेथे दुसरा मारावा. दुसरा दोष वरून दिसतो. हवेच्या दाबाच्या यंत्राने खिळे मारताना दाब अधिक असल्यास डोके प्लायवूडचा वरचा पापुद्रा फोडून आत घुसते. काम नीटनेटके दिसते, परंतु त्या जागी फळीची जाडी कमी झालेली असते आणि तेथूनच डोके आरपार जाते. डोके पृष्ठभागाशी समपातळीत बसावे. यंत्राचा दाब कमी करून शेवटचा ठोका हातोडीने द्यावा.

तक्तपोशी थोड्या घरांवर आहे. पत्रे पुष्कळ घरांवर आणि शाळांवर आहेत. त्यामुळे पत्र्याचा उल्लेख न करता मला थांबता येणार नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा घरांचे आणि शाळांचे पत्रे किती उडाले हे शेजारच्या कोकणातील बांधवांनी पाहिले. मे २०२१ मध्ये तौक्ते आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा आपणही पाहिले. (माड कोसळून जी घरे मोडली त्यांना खिळ्याचा उपाय नाही, हे मी मान्य करतो. तो विषय वृक्षछाटणीचा आहे.) पत्रा आणि लोखंडी लग यांना जोडणारा आपला नेहमीचा जे-हूक आठ मिलिमीटरचा असतो. वर ओढ आली की तो वाकडा भाग हळूहळू सरळ होतो आणि लगीवरून निसटतो. दोन्ही पायांना नट असलेला यू-बोल्ट असा उघडू शकत नाही. सगळीकडे शक्य नसेल तर वळचणीच्या आणि आढ्याच्या लगींवर तरी यू-बोल्ट घालावेत, आणि तेथे एकाआड एक उंचवट्यावर. भोक उंचवट्यावरच असावे, खोलगट भागात नव्हे. डांबरी वायसर वाळून गळाला असेल तर नुसती गळती होते असे नाही. पत्रा हलू लागतो.

हलणारा पत्रा कसा तुटतो याचा धडा ऑस्ट्रेलियात मिळाला. २५ डिसेंबर १९७४ रोजी ट्रेसी नावाच्या चक्रीवादळाने डार्विन शहरातील बहुसंख्य घरे उद्ध्वस्त केली. तेथील पातळ नालीदार पत्रे एका झटक्यात गेले नव्हते. कित्येक तास वर-खाली फडफडत राहिल्याने स्क्रूभोवती बारीक तडे पडले. तार वारंवार वाकविली की तुटते, तसे. शेवटी स्क्रू लगीत तसेच राहिले आणि पत्रे त्यांच्या डोक्यांवरून निघून गेले. त्यापूर्वीच्या चाचण्यांत पत्र्यावर एकदाच भार टाकून पाहत असत. त्यानंतर हजारो वेळा भार देऊन-काढून पाहण्याची पद्धत आली. टाउन्सव्हिल येथील जेम्स कुक विद्यापीठात १९७७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. आपल्यासाठी त्यातील उपयोगाचा भाग असा की डोक्याखाली रुंद वायसर घालावा आणि कडेला अंतर कमी करावे. पत्रा दोन बोटांनी हलवला असता खडखडत असेल, तर तो मेच्या अखेरीपूर्वी आवळून घ्यावा.

अखेरीस माझ्या खात्यातील सहकाऱ्यांसाठी. आपल्या अंदाजपत्रकात छपराची बाब ‘आवश्यक त्या खिळ्यांसह’ अशी लिहिलेली असते आणि मोजणी चौरस मीटरमध्ये होते. ‘आवश्यक’ म्हणजे किती, हे लिहिलेले नसते. त्यामुळे ते ठरविण्याचा अधिकार ज्याला खिळे वाचवून फायदा आहे त्याच्याकडे जातो. मी कंत्राटदाराला दोष देत नाही. जे मोजले जात नाही त्याचे पैसे तो का खर्च करील? बाब अशी लिहावी : ‘अडीच इंची दहा गेज, जस्तात बुडविलेले खिळे, सर्व वाशांवर १५० मिलिमीटर, कडेच्या फळ्यांवर १०० मिलिमीटर अंतराने.’ आणि तक्तपोशी झाल्यावर, वरील आच्छादन घालण्यापूर्वी, एक दिवस मध्ये ठेवावा. त्या दिवशी कनिष्ठ अभियंत्याने छपरावर चढून कोणत्याही पाच फळ्यांचे, त्यांपैकी दोन कोपऱ्यांच्या, खिळे मोजावेत आणि खालून चुकलेले किती ते पाहावे. शाळेचे काम असेल तर मुख्याध्यापकांनी खाली उभे राहून आकडे लिहून घ्यावेत. दोघांची सही, तारीख आणि पाचही फळ्यांचे आकडे मोजमाप-पुस्तकात आल्याशिवाय आच्छादनाला परवानगी देऊ नये. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि ते त्याच दिवशी होऊ शकते; दुसऱ्या दिवशी डांबरी कागद पसरला की खिळे कोणालाच दिसत नाहीत.

 बाहेर पडवीत दहा आणि बारा गेजचे, गुळगुळीत आणि वलयांचे खिळे एका मतटीच्या तुकड्यात ठोकून ठेवले आहेत. कारागीर मित्रांनी पकडीने ते उपटून पाहावेत.